उमेदवारांनो, आधी ओतांचे बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ ला मतदान आहे. गल्लीबोळांतून प्रचारफेऱ्या सुरू झाल्या आहेत आणि दारात पत्रकांचा ढीग साठतो आहे. मी ती सगळी वाचते. बहुतेकांत तेच आहे: काँक्रीटचे रस्ते, हायमास्ट दिवे, ओपन जिम, स्वागतकमान, सीसीटीव्ही. यातले काही हवेच आहे, नाही असे नाही. पण सांगलीत नगरसेवक होऊ पाहणाऱ्याने पाण्यापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. पाऊस पडला की पाणी कुठल्या ओतातून, म्हणजे शहरातल्या जुन्या नैसर्गिक सखल पट्ट्यातून, जाते, नदी चढली की ते कुठून आत येते आणि आपले सांडपाणी नदीत कुठे मिसळते, हे ज्याला आपल्या प्रभागापुरते सांगता येत नाही, त्याच्या पत्रकातल्या बाकीच्या ओळी मला वाचवत नाहीत.

परवा आमच्या गल्लीत एक तरुण उमेदवार आली. तिने पत्रक हातात देण्याआधी विचारले, "काकू, पाणी चढायला लागलं की तुमच्यात आधी कुठनं शिरतं?" आम्ही चार-पाच जणी दारात होतो, सगळ्या एकदम बोलायला लागलो. कारण नदीकाठच्या प्रत्येक घराला याचे उत्तर पाठ आहे. नदी काही घाटाच्या पायऱ्या चढून थेट उंबऱ्यात येत नाही. आधी ती गटारातून, ड्रेनेजच्या चेंबरमधून उलटी येते. मोरीतून काळे पाणी वर यायला लागले की धान्याचे डबे माळ्यावर चढवायचे आणि कागदपत्रांची पिशवी दाराशी ठेवायची, हे आता लहान मुलांनाही कळते. ती मुलगी वहीत लिहून घेत होती. तिचा पक्ष आणि चिन्ह मी इथे लिहीत नाही, कारण मत कुणाला द्यावे हे सांगायला हे पत्र नाही. पण तो प्रश्न घेऊन बाकीच्या उमेदवारांनीही दारोदार यावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. तिथे ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तो आकडा विचारतो. २००५ चा पूर पाहिलेल्यांना वाटले होते की याहून वर पाणी जाणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले, आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा धोका पातळीच्या कितीतरी वर. कोयना धरणातून किती विसर्ग सोडायचा, हरिपूरच्या संगमावर वारणेचा फुगवटा किती येतो, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची किती असावी, हे काही नगरसेवकाच्या हातात नाही. म्हणून 'पूरमुक्त सांगली' असे कुणी पत्रकावर छापले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

नगरसेवकाच्या आवाक्यातले काय, तर ओत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: या सखल पट्ट्यांतून पावसाचे पाणी नदीला जायचे आणि पुरात नदीला पसरायला जागा मिळायची. त्यांत मुरमाचे भराव पडले, वर प्लॉट पडले, गुंठ्या-गुंठ्याने विकले गेले. ज्यांनी ते घेतले त्यांना मी दोष देणार नाही. नोकरदार, हमाल, रिक्षावाला यांना शहरात परवडणारी जागा तेवढीच होती. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला, पुढे २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट मिळाली. घर कायदेशीर झाले, पण पाण्याची वाट काही कागदाने मोकळी होत नाही. श्यामरावनगरात काळी माती आणि नावाला उतार. तिथे नदीचा पूर लागत नाही, एक जोरदार पाऊस पुरतो. कर्नाळ रस्त्यालगतच्या सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटमधली माणसे तर पाणी चढू लागताच सर्वांत आधी घर सोडतात.

तेव्हा उमेदवाराने एवढे कबूल करावे: आपल्या प्रभागातले ओत आणि नाले मोजून घेईन, त्यांच्या हद्दीला खुणा लावून घेईन आणि तो नकाशा चौकात लावेन. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदाची लाल रेषा कुठून जाते, हे प्लॉट घेणाऱ्याला इसार देण्याआधी दिसले पाहिजे, नंतर नव्हे. आणि राहिलेल्या ओतात भरावाचा ट्रक आला तर तो कुणाचाही असो, तक्रार करणारा पहिला माणूस नगरसेवकच असावा. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे, हे मलाही कळते.

शहराचे सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरी नाल्याबद्दल किती लिहावे? महापालिका १९९८ ची, नाल्याचा प्रश्न त्याहून जुना. सांडपाणी उचलून धुळगावकडे न्यायची योजना झाली, तरी नाल्याचे पाणी कृष्णेत मिसळल्याच्या बातम्या आपणच छापता. हीच कृष्णा आपण पितो, खालची गावेही पितात. पंप महिन्यात किती दिवस चालले, एवढा एक आकडा दर महिन्याला जाहीर करायला लावला, तरी पुष्कळ झाले. आणि हे फक्त नदीकाठाचे गाऱ्हाणे नाही. कुपवाडला भुयारी गटाराची मागणी वर्षानुवर्षांची आहे.

मागची निवडणूक २०१८ ची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुदत संपली आणि त्यानंतर प्रशासक आला. आता ७८ नगरसेवक येतील, बहुतेक प्रभागांत चौघे. चौघांत जबाबदारी कुणाची, हे ठरले नाही तर मतदाराने चार दारे फिरायची. चौघांनी कोण काय बघणार हे वाटून घेऊन निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात जाहीर करावे. क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ पासून कायद्यात आहे, ती भरवावी. शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकून तासभर लोकांचे ऐकायला खर्च येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०१९ मध्ये पहिली मदत शेजाऱ्यांनी केली, तालमीतल्या आणि गणेश मंडळांच्या पोरांनी केली. गळ्याइतक्या पाण्यातून त्यांनी म्हाताऱ्यांना खांद्यावर आणले. शाळा, मंगल कार्यालये उघडली गेली, जात-धर्म न विचारता भात-आमटी वाढली गेली. ही ताकद शहरात आहे, फक्त तिची नोंद नाही. गल्लीत अंथरुणाला खिळलेले कोण, डायलिसिसवर कोण, बाळंतपण जवळ आलेली कोण, एकटे कोण राहते, याची यादी मे महिन्यात तयार हवी आणि दरवर्षी नवी हवी. कुठल्या मंडळाकडे बोट, कुठल्याकडे दोर आणि लाइफ जॅकेट, कुठली शाळा उघडायची आणि तिची चावी कुणाकडे, हे ठरलेले हवे. त्या पोरांना पोहण्याचे आणि प्रथमोपचाराचे रीतसर प्रशिक्षण हवे. यासाठी कोट्यवधींची निविदा लागत नाही, लागतो तो गल्लीतल्या माणसांना नावाने ओळखणारा नगरसेवक.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. मतदानाआधी प्रत्येक प्रभागातल्या सर्व उमेदवारांना विचारा की तुमच्या प्रभागात ओत आणि नाले कुठले, त्यांचे तुम्ही काय करणार आणि पहिली क्षेत्रसभा कधी घेणार. आलेली उत्तरे त्यांच्या नावासह छापा, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांची नावेही छापा. ते पान मी जपून ठेवीन आणि निकालानंतरच्या पहिल्या क्षेत्रसभेला सोबत घेऊन जाईन.

आपली,
एक मतदार,
गावभाग, सांगली