दौऱ्यावर आजारी पडणारा कलावंत कोणाचा? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नाटक व तमाशाच्या दौऱ्यावर परगावी आजारी पडणाऱ्या कलावंतांच्या उपचारांची व्यवस्था.

महोदय,

सविनय नमस्कार.

दौऱ्यावर निघालेला नट किंवा तमाशाच्या फडावरची कलावंतीण परक्या शहरात अचानक अंथरुणाला खिळली, तर तिच्या उपचारांची आणि दुर्दैवाने वेळ आलीच तर तिच्या अखेरच्या दिवसांची जबाबदारी कायद्याने, नियमाने किंवा निदान रिवाजाने कोणावर येते, एवढा एकच प्रश्न विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. नाट्यगृहांची दुरवस्था, तारखांचे वाटप, थकलेली अनुदाने हे विषय आपल्यापुढे नेहमीच येतात. त्यांची सरमिसळ येथे करणार नाही. व्यावसायिक नाटकांच्या दौऱ्यांचे व्यवस्थापन हा माझा आयुष्यभराचा पेशा होता. तमाशाच्या फडांशीही त्या निमित्ताने जवळून संबंध आला. त्यामुळे जे लिहितो आहे ते पाहिलेले आहे.

हा प्रश्न आजचा नाही. 'ललितकलादर्श' नाटक मंडळीचे गायक नट केशवराव भोसले 4 ऑक्टोबर 1921 रोजी पुण्यात विषमज्वराने गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे 31 होते. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांसमवेत झालेल्या संयुक्त 'मानापमान'च्या प्रयोगाला तेव्हा तीन महिनेही उलटले नव्हते. विषमज्वरावर त्या काळी हमखास औषध नव्हते, त्यामुळे त्यांना वाचवता आले असते की नाही, हा वाद निरर्थक आहे. मला लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्या गोष्टीकडे. त्या काळची नाटक मंडळी एका शहरात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकत असे. कंपनीचे बिऱ्हाड असे, मुदपाकखाना असे, माणूस आजारी पडला तर त्याच्या उशाशी बसणारे चार जण त्याच छपराखाली असत, आणि वैद्याचे बिल कंपनीच्या खात्यावर पडे. मालकाने ते नाखुशीने भरले असेल, पगारातून वळतेही केले असेल, तरी ते कोणाच्या नावावर पडायचे याविषयी संदिग्धता नव्हती. बिऱ्हाडाच्या त्या जगाविषयी फार हळवे होण्याचे कारण नाही, कारण त्यात शोषणही भरपूर होते. परंतु आजाऱ्याला वाली होता, हे नाकारता येणार नाही.

ती व्यवस्था गेली आणि 'नाईट' आली, म्हणजे प्रयोगागणिक मेहनताना देण्याची पद्धत. आता नट प्रयोगापुरता येतो, प्रयोगाची नाईट घेतो आणि बस रात्रीच पुढच्या गावाला निघते. डॉ. काशिनाथ घाणेकर दौऱ्यावर असताना 2 मार्च 1986 रोजी अमरावतीत गेले. ज्यांच्या नावावर नाट्यगृहाबाहेर 'हाउसफुल्ल'ची पाटी लागत असे, अशा नटाचेही अखेरचे तास घरापासून इतक्या दूर जातात. मग ज्याचे नाव जाहिरातीत सर्वांत खाली बारीक टाइपात असते, त्याचे काय होत असेल, याचा अंदाज आपण करू शकाल. पडद्यामागच्या कामगारांचे नाव तर जाहिरातीत नसतेच.

असाच एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो. व्यक्ती, गाव आणि रुग्णालय यांची नावे मुद्दाम देत नाही. एका जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या अंकाआधी आमच्या एका ज्येष्ठ नटाच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. त्यांनी ओवा चावून आणि पोटाला पट्टा आवळून प्रयोग पुरा केला. प्रयोग रद्द झाला असता तर प्रयोग ठरवणाऱ्या ठेकेदाराचे पैसे परत द्यावे लागले असते आणि कोणालाच नाईट मिळाली नसती, हे त्यांना ठाऊक होते आणि आम्हालाही. मेकअप न उतरवताच त्यांना रुग्णालयात नेले. कानशिलावरच्या पांढऱ्या रंगामुळे परिचारिकेने त्यांचे वय दहा वर्षांनी जास्त लिहिले. खिडकीवरच्या अर्जात 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. मी 'सहकारी' असे लिहिले. अर्ज परत आला. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर रक्ताच्या नातेवाइकाची सही लागेल आणि तोवर अनामत रक्कम भरावी लागेल, असे सांगण्यात आले. आधार कार्डावरचे नाव आणि नाटकातले नाव वेगळे. त्यांचे खरे नाव मला त्या रात्री प्रथमच कळले. शिधापत्रिका घरी, पत्नीकडे मोबाइल नाही, शेजाऱ्याचा क्रमांक लागत नाही. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी प्रयोग लागलेला असल्याने बस गेली. एक प्रकाशयोजनेचा मुलगा तेवढा मागे ठेवला. त्या मुलाने चार दिवस त्यांचे सगळे केले. त्याची त्या चार दिवसांची नाईट मात्र बुडाली. पाचव्या दिवशी ते गेले. शव गावी नेण्यासाठी गाडी ठरवताना मी आणि तो मुलगा मिळून जे फोन केले, त्यांत एकही फोन असा नव्हता की पलीकडच्या माणसाने 'हे माझे काम आहे' असे म्हणावे.

ठेकेदार, निर्माता, रुग्णालय यांपैकी कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ठेकेदाराचा करार प्रयोगापुरता होता, निर्मात्याचा नाईटपुरता. रुग्णालय आपल्या नियमांनी चालले होते. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता आणि म्हणूनच तो नट कोणाचाच नव्हता.

तमाशाची परिस्थिती याहून बिकट आहे. ढोलकीफडाचा मोठा तमाशा म्हणजे शंभराच्या आसपास माणसे, ट्रक, कनाती, तंबू, चूल असे चालते गावच असते. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो अक्षय्य तृतीयेपर्यंत, काही फड बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरत राहतात. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या, म्हणजे प्रयोगांचे ठराव, घेण्यासाठी नारायणगावला राहुट्या लागतात, तेव्हा गावोगावचे यात्रा समितीचे पुढारी तेथे येऊन मोल ठरवतात. त्या बोलणीत पाण्याचा टँकर, मैदान, जेवण सगळे येते, फक्त कलावंत आजारी पडला तर काय, हा विषय येत नाही. हंगामाआधी कलावंतांनी फडमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. उचल फिटेपर्यंत उभे राहणे भाग असते. ताप अंगावर काढून नाचणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना सुट्टी दिली तर गौळणीत उभे कोणाला करायचे, या विवंचनेत रात्र काढणारे फडमालकही पाहिले आहेत. मालकावर सावकाराचे कर्ज, कलावंतावर मालकाची उचल. या साखळीत दवाखान्याचा खर्च कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो.

आपले शासन 'तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर' यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. विठाबाईंना राष्ट्रपतिपदक मिळाले होते. 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या, तेव्हा रुग्णालयाचे बिल भागवण्यासाठी देणगीदारांना पुढे यावे लागले. पठ्ठे बापूराव, ज्यांनी कुलकर्णीपण सोडून तमाशा पत्करला, ते 1945 मध्ये पुण्यात हलाखीत गेले. बालगंधर्वांच्या हस्ते 1962 मध्ये पुण्यातल्या ज्या बालगंधर्व रंगमंदिराची पायाभरणी झाली, त्याचे उद्घाटन 26 जून 1968 रोजी झाले. त्याआधी वर्षभर, 15 जुलै 1967 रोजी, अखेरची वर्षे अपंगावस्थेत काढून ते गेले होते. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत भस्मसात झाले, तेव्हा शासनाने पुनर्बांधणीसाठी तत्परता दाखवली आणि ते योग्यच झाले. वास्तूसाठी जी तत्परता दिसते, तिचा थोडा अंश त्या वास्तूत घाम गाळणाऱ्या माणसाच्या आजारपणासाठी मिळावा, इतके मागण्याचा अधिकार आम्हाला आहे, असे मला वाटते.

यावर आपल्या कार्यालयाकडून येणारे उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते पूर्वी आलेले आहे : योजना अस्तित्वात आहेत. त्या आहेत, हे मान्य. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजनेत 2024 पासून दरमहा 5,000 रुपये मिळतात, ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु ते मानधन ज्येष्ठांसाठी आहे, दौऱ्यावरच्या तिशीतल्या मुलीसाठी नाही, आणि ते उपचारांसाठीही नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत आणि राज्यातील सर्व कुटुंबांना लागू झाले आहे. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण योजनेत अंगीकृत रुग्णालय जत्रेच्या गावापासून कित्येकदा तासा-दोन तासांच्या अंतरावर असते, आरोग्यमित्रापुढे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या प्रतिनिधीपुढे, ठेवायची कागदपत्रे घरी पेटीत असतात, आणि मध्यरात्री धावपळ करणाऱ्या माणसाला रुग्णाचे कागदावरचे नावच ठाऊक नसते. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. सांगली जिल्ह्यातल्या कलावंताने तो नांदेडच्या रुग्णालयात पडून कसा आणावा? या योजना घरी राहणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या आहेत. फिरणे हाच ज्याचा धंदा, तो त्यांच्या चौकटीत बसत नाही.

म्हणून माझी मागणी नव्या मानधनाची किंवा आणखी एका पुरस्काराची नाही. दौरा हाच एकक धरून जबाबदारी निश्चित करावी, अशी आहे. दौरा निघण्यापूर्वी निर्मात्याने किंवा फडमालकाने त्यातील प्रत्येक माणसाची, नटापासून चूल पेटवणाऱ्यापर्यंत, नोंद जिल्ह्यात करावी : कागदावरचे नाव, रंगमंचावरचे नाव, रक्तगट, जुने आजार, चालू औषधे, आणि जवळच्या दोन माणसांचे क्रमांक. ही नोंद फुले योजनेच्या संगणक प्रणालीशी जोडली, तर शिधापत्रिका हातात नसतानाही उपचार सुरू होऊ शकतील. व्यावसायिक नाटकांना आणि पूर्णवेळ व हंगामी तमाशा फडांना शासन अनुदान देतेच. ही नोंद अनुदानाची अट करावी, म्हणजे तिच्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. नोंद नसलेल्या फडाला मात्र उपचार नाकारले जाऊ नयेत, ही काळजी शासन निर्णय लिहितानाच घ्यावी लागेल. नाहीतर शिक्षा पुन्हा कलावंतालाच होईल.

पैशांचा प्रश्न उरतो. त्यासाठी उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाला एकच मालक नसला तरी मंडळामार्फत त्याचे हक्क बांधून दिले. मालक अनेक, काम रोजचे वेगळे, तरी मालकांकडून लेव्ही, म्हणजे ठरावीक वर्गणी, गोळा होते. ऊसतोड कामगार महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे 10 रुपये घेण्याचे आणि तेवढीच भर शासनाने घालण्याचे ठरले. तोच मार्ग येथेही लागू करता येईल : शासकीय व पालिकेच्या नाट्यगृहांच्या भाड्यावर आणि यात्रा समितीच्या सुपारीवर प्रयोगामागे लहानशी ठरावीक रक्कम, आणि तिच्याइतकीच भर शासनाची. तिकिटे महागतील, अशी ओरड होईल. नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही, ही सवलत आमच्या व्यवसायाने आनंदाने घेतली आहे. तिच्यातून वाचणाऱ्या पैशातला एक लहान वाटा आपल्याच माणसांच्या औषधपाण्यासाठी देताना निर्मात्यांनी कुरकुर करू नये, असे मी माझ्या जुन्या मालकांनाही सांगेन. या निधीतून तीन गोष्टी व्हाव्यात. अनामत रकमेची हमी ताबडतोब मिळावी, मागे राहणाऱ्या सोबत्याची बुडालेली नाईट किंवा रोज भरून निघावा, आणि मृत्यू झालाच तर देह गावी नेण्याचा खर्च कोणापुढे हात न पसरता भागावा. सोबत्याचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण माझ्या लेखी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. परक्या शहरात रुग्णाजवळ ओळखीचे माणूस असणे हे निम्मे औषध असते, आणि आज ते माणूस स्वतःच्या पोटाला चिमटा काढून थांबते.

शेवटची बाब खर्चाची नाही. प्रत्येक जिल्ह्यात एका अधिकाऱ्याचे नाव व भ्रमणध्वनी क्रमांक प्रत्येक नाट्यगृहाच्या रंगपटात आणि प्रत्येक फडाच्या परवान्यावर छापलेला असावा. फोन आल्यावर त्याने रुग्णालयाशी बोलावे, नातेवाइकांना कळवावे आणि संमतीपत्राची अडचण सोडवावी. जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्यात दुवा साधणारा असा एक माणूस नेमण्यासाठी नवे पद निर्माण करण्याची गरज नाही. एक शासन निर्णय पुरेसा आहे.

फड दसऱ्याला बाहेर पडतील आणि नाटकांचे दौरेही दिवाळीनंतर जोरात सुरू होतील. त्याआधी निर्माते, फडमालक, कलावंत, रंगमंच कामगार आणि आरोग्य विभाग यांची एक बैठक आपण बोलवावी, अशी विनंती आहे. नोंदपत्रकाचा आणि प्रयोगामागच्या वर्गणीचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. आपल्या कार्यालयाने वेळ दिल्यास तो घेऊन मी मंत्रालयात हजर राहीन.

कळावे,

आपला विश्वासू,
नाट्यदौऱ्यांचा एक निवृत्त व्यवस्थापक