गोळीची ‘सवय’ म्हणजे नक्की काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातलं आमचं घर पाण्यात होतं. गाळ काढून आम्ही परत राहायला आलो, पण सासूबाईंची झोप काही परतली नाही. रात्री-अपरात्री उठून त्या पायरीला पाणी लागलंय का ते बघायच्या. डॉक्टरांनी अल्प्राझोलामची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी १५ दिवसांसाठी लिहून दिली. त्या वेळी ती योग्यच होती.

चुकलं ते पुढे. पंधरा दिवस संपले, चिठ्ठी मात्र संपली नाही. तीच दाखवून, नंतर तर न दाखवताही, ओळखीवर मेडिकलमधून पट्टी मिळत राहिली. “एकीनं डोळा लागत नाही गं,” म्हणून दोन झाल्या. मग ०.५ ची आली, मग तिच्याही दोन. वय झालंय, झोप कमी होणारच, असं आम्हीही धरून चाललो. याची खंत मला आजही आहे.

जतला नात्यातल्या लग्नाला गेलो आणि पट्टी घरी राहिली. तिथल्या दुकानदाराने चिठ्ठीशिवाय गोळी द्यायला नकार दिला. तो नियमाने बरोबरच वागला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला आणि मांडवातच त्यांना आकडीचा (फिटचा) झटका आला. गाडी करून मिरजेला आणलं.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं मी जमेल तसं लिहिते. मेंदूला शांत करणारा एक ब्रेक असतो, गाबा नावाच्या रसायनाचा. ही गोळी तो ब्रेक जास्त जोरात लावते. रोज बाहेरून जोर मिळू लागला की मेंदू स्वतःची पकड सैल करतो. त्यामुळे काही आठवड्यांतच तेवढ्याच गोळीने तेवढी झोप येईनाशी होते आणि आपण गोळी वाढवतो. ती एकाएकी बंद केली तर बाहेरचा जोर गेलेला असतो आणि आतली पकड आधीच सुटलेली असते. झटका आला तो यामुळे. म्हणून अशी गोळी डॉक्टरांच्या सांगण्याने थोडी थोडी कमी करत सोडायची असते. बंद नाकात टाकायच्या थेंबांचंही काहीसं असंच, चार-पाच दिवसांपुढे टाकत राहिलं तर त्यांच्यामुळेच नाक चोंदतं. हृदयाच्या दुखण्यासाठी छातीवर लावायची नायट्रोग्लिसरीनची पट्टी रोज काही तास काढून ठेवायला सांगतात, तेही शरीर तिला सरावू नये म्हणूनच.

पण माझं खरं दुखणं पुढचं आहे. हे सगळं बघून सासऱ्यांनी आपली रक्तदाबाची गोळी गुपचूप बंद केली. “मला नको ती सवय.” दोन महिन्यांनी मोजलं तर १९०/११०! त्यांची गोळी अम्लोडिपीनची. तिला शरीर असं सरावत नाही. ती सोडल्यावर दाब चढतो तो मूळचा आजार तिथेच असतो म्हणून. मधुमेहातही वर्षांमागून वर्षं गोळ्या वाढतात, कारण स्वादुपिंडातून येणारं इन्शुलिनच कमी होत जातं. अँटिबायोटिक लागू पडेनासं होतं तेव्हा निर्ढावलेले असतात ते जंतू, आपलं शरीर नव्हे. आपण मात्र या सगळ्याला एकच शब्द वापरतो, ‘सवय’. त्या एका शब्दापायी आमच्या घरात एकाने सोडायची ती गोळी वाढवली आणि दुसऱ्याने घ्यायची ती सोडली.

अल्प्राझोलाम १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या आणि विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. विकताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहून ती वही ३ वर्षं ठेवणं दुकानदाराला बंधनकारक आहे. लाल चौकटीतला इशारा पाकिटावर असतोच. आमच्या बाबतीत ती वही कुणी उघडली असती तर पहिल्या वर्षीच हा प्रकार थांबला असता. अन्न व औषध प्रशासनाने जिल्ह्यातल्या या वह्या तपासाव्यात. आणि डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे, झोपेची गोळी लिहाल तेव्हा ती कोणत्या तारखेला थांबवायची आणि कशी उतरवायची हे त्याच चिठ्ठीवर मराठीत लिहा. मिरजेला सीमेपलीकडूनही रुग्ण येतात, त्यांना कानडीत लिहून द्या.

सासूबाई आठ महिन्यांत ०.५ च्या पाव गोळीवर आल्या आहेत. अजूनही एखाद्या रात्री जागतात. मग आम्ही दोघी ओट्यावर बसतो.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली