मॅडम, तुमची खुर्ची

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. समोर उभं राहून आभार मानायला गेले की मला रडूच फुटतं, म्हणून लिहितेय.

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी 45. आमच्या सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. पाणी ओसरलं, भिंती वाळल्या, घराला रंगही झाला आणि मग माझं स्वप्न सुरू झालं. काळाकुट्ट रेडा, अंगावरून पाणी निथळतंय, गल्लीतून माझ्या मागं लागलाय. मी पळतेय, पण पाय चिखलात रुतलेले. दचकून उठायचे ती घामानं भिजूनच. मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा नाही.

अर्थ सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. स्वप्नफळाच्या पुस्तिकेत रेडा म्हणजे यमाचं वाहन. एका ज्योतिषीबुवांनी पितृदोष काढला, शांतीचा खर्च सांगितला, वर ‘यजमानांना जपा’ म्हणाले. झालं! हे गाडी घेऊन बाहेर पडले की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. एका डॉक्टरांनी मान वर न करता झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. नणंदबाईंनी रात्रीचा भात बंद करायला सांगितलं. त्या निदान फुकट सांगत होत्या.

तुमच्याकडे आले तेव्हा बोलताना मी सारखी दाराकडे वळून बघत होते. माझं मला कळतही नव्हतं. तुम्ही उठलात, ‘इकडे या, माझ्या खुर्चीत बसा’ म्हणालात आणि स्वतः दाराकडे पाठ करून पेशंटच्या खुर्चीत बसलात. चहाचा कप तेवढा पलीकडून ओढून घेतलात. का, कशासाठी, काही बोलला नाहीत. पाठीला भिंत आली आणि मी घडाघडा बोलायला लागले. शिकलेली माणसं खूप भेटतात हो. समोरच्याची भीती ओळखून आपली जागा देणारी किती?

रेड्याचा अर्थ तुम्ही सांगितलाच नाहीत. ‘पुरात गल्लीत जनावरं होती का?’ एवढंच विचारलंत. मागच्या गोठ्यातल्या म्हशी त्या रात्री अंधारात ओरडत होत्या आणि आम्ही माळ्यावर बसून ऐकत होतो. हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. चरकांनी स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत, त्यात पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं धरून पहिले पाच निष्फळ, हे तुमच्याकडून कळलं. सासूबाईंना तेवढं एकदम पटलं! स्वप्न पडतं त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, तेव्हा पाय हलत नाहीत यात अशुभ काही नाही, हे ऐकून मलाच हायसं वाटलं.

मग दिवसाउजेडी स्वप्नाचा शेवट बदलून लिहायला लावलात, रोज तो डोळ्यांपुढे आणायला लावलात. माझ्या वहीत मी थांबते, दावं धरते आणि त्याला मारुतीच्या देवळामागच्या उंचवट्यावर नेऊन बांधते. पहिल्यांदा लिहिताना हात थरथरत होता. आता रेडा क्वचित येतो, आणि आला तरी मी कूस बदलून झोपते.

गोठ्यावरच्या काकांना हे सगळं सांगितलं. त्यांची म्हैस नुकतीच व्यालीय. मॅडमना खरवस चालतो का, विचारताहेत. चालत असेल तर कळवा, गूळ-वेलची घालून मीच घेऊन येते.

आपली,
गावभागातली पेशंट