आवाहन : एक पुतळा, दोन तास आणि तुमचे मनगट

सप्रेम नमस्कार,

रुग्णवाहिकेवर काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी आमचे मंडळ पायाभूत वर्ग चालवते. पुस्तकातले ती घरी वाचून येतात. हाताला वळण मात्र सरावानेच लागते, आणि सरावाचे सामान आमच्याकडे संपत आले आहे. म्हणून हे पत्र.

आधी पुतळ्याचे सांगतो. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि त्याला श्वास देऊन रक्त फिरते ठेवणे, शिकवायला आमच्याकडे एकच पुतळा आहे. मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर दाबावी लागते, ६ च्या पुढे नाही, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा. दाब पुरेसा पडला की पुतळ्यातून 'टक्' असा आवाज यायचा. आता स्प्रिंग इतकी सैल झाली आहे की नुसता तळहात टेकवला तरी टक् वाजते. मुले खूश होतात आणि आम्ही धास्तावतो, कारण या पुतळ्यावर पास झालेला हात खऱ्या छातीवर कमी पडणार. शिवाय प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची असते. तेवढ्यातच हृदयात रक्त भरते. आमचा पुतळा एकदा दबला की वर यायला तयार नाही. मागच्या वर्गात एकीने गंभीर चेहऱ्याने विचारले, "सर, हा गेला का?"

जिवंत माणसावर हा सराव करता येत नाही. म्हणूनच १९६० मध्ये नॉर्वेतल्या आसमुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने असा पुतळा बाजारात आणला. तेव्हा पुतळा ही चैन नव्हे. मोठ्या माणसाचा एक आणि तान्ह्या बाळाचा एक, एवढे मिळाले तर आमचे वर्ष निघेल. बाळाची छाती दोन्ही अंगठ्यांनी, जाडीच्या एक तृतीयांश इतकी दाबायची, हे आम्ही सध्या उशीवर दाखवतो. उशीला बरगड्या नसतात.

दुसरे मागणे जरा विचित्र वाटेल. आम्हाला ज्येष्ठांची मनगटे हवी आहेत. आमची मुले एकमेकांची नाडी बघून शिकतात. विशीतली नाडी ती, बोट ठेवले की टणटण लागते. पुढे गाडीत मात्र त्यांच्या हाती येणार सत्तरीतले थंड मनगट, मधूनच चुकणारा ठोका, थरथरणारा हात. तिथे बोट कुठे आणि किती हलके ठेवायचे, हे पुस्तकाला सांगता येत नाही. आठवड्यातून एक तास येऊन बसा. मुले नाडी मोजतील, बीपी घेतील, मिनिटभर श्वास मोजतील आणि तुम्हाला तेच तेच प्रश्न विचारतील : काय होतंय, कधीपासून, कसली अ‍ॅलर्जी, कोणती औषधे, शेवटचे कधी खाल्ले. कंटाळून उलटसुलट उत्तरे दिलीत तर उत्तमच. खरे रुग्ण तेच करतात.

तिसरे मागणे डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिकेवर वर्षे काढलेल्या मंडळींकडे. महिन्यातून दोन तास द्या. व्याख्यान नको, चुका पकडा. उदाहरणार्थ, हृदय थांबल्यावरही माणूस काही वेळ आचके देतो, घोरल्यासारखा आवाज करतो. नवखा म्हणतो, "श्वास चालू आहे," आणि छाती दाबायची थांबवतो. किंवा अपघातातल्या रुग्णाचे बीपी चांगले दिसले की निश्चिंत होतो. तरुण शरीर रक्तस्राव बराच वेळ झाकून ठेवते. आधी नाडी पळते, त्वचा गार आणि ओलसर पडते, बीपी कोसळते ते शेवटी. मांडीचे हाड मोडले तर एक लिटरहून अधिक रक्त आतल्या आत साठू शकते, बाहेर थेंबही दिसत नाही. हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे त्याने सांगितले की मुलांच्या डोक्यात बसते. आम्ही सांगितले की फक्त वहीत बसते.

एक नमुना सांगून ठेवतो. अ‍ॅम्बू बॅग (तोंडावर मुखवटा धरून हाताने हवा भरायची पिशवी) हातात आली की प्रत्येक जण ती जीव खाऊन पिळतो. खरे तर छाती उठताना दिसेल एवढाच दाब, सुमारे एक सेकंदभर, पुरतो; जास्त हवा पोटात शिरते आणि उलटी होते. आमच्या एकाला ही सवय मोडायला तीन वर्ग लागले. त्याच्याजवळ कुणी अनुभवी उभे असते तर एकात मोडली असती.

बाकी सामान : वेगवेगळ्या मापांच्या जीभ-नळ्यांचा संच (बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वास अडू नये म्हणून या तोंडात घालतात; ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मोजून नळी निवडायची असते, आखूड निघाली तर जीभ आणखी मागे ढकलते), मानेचे पट्टे, टूर्निके (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा), जुने पण चाके फिरणारे स्ट्रेचर, सरावाचे एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र). मुदत संपलेली, न फोडलेली बँडेजेही चालतील. त्यांवर 'फक्त सरावासाठी' असा शिक्का मारून ती वेगळ्या कपाटात ठेवतो. बंद पडलेली रुग्णवाहिका कुणाकडे धूळ खात असेल तर इंजिनाशी आम्हाला देणेघेणे नाही. मागची कप्पेवजा जागा हवी. अंधारात ऑक्सिजनची चावी हाताला लागणे आणि कंबर न मोडता स्ट्रेचर चढवणे तिथेच शिकता येते.

औषधे, वापरलेल्या सुया आणि उघडलेले निर्जंतुक सामान कृपया आणू नये. रोख मदत दिल्यास पावती मिळेल, आणि त्यातून आधी पुतळाच घेतला जाईल.

वस्तू वर्गाच्या वेळेत आणून द्याव्यात. पुतळा देणाऱ्यांनी त्याच्या फुप्फुसाच्या पिशव्या सोबत आहेत ना, तेवढे बघावे. मनगट देणाऱ्यांनी काहीच आणायचे नाही. बाही कोपराच्या वर सहज जाईल असा सैल कपडा घालून या.

आपली,
प्रशिक्षण समिती