डबा बोलतो म्हणून शेअर घ्यायचा?

संपादक महोदय,
राजवाड्याजवळच्या आमच्या पोह्याच्या दुकानावर सध्या एकच चर्चा, पेटीएम घ्यावा का. लॉजिक काय तर नोव्हेंबर 2021 मध्ये इश्यू, म्हणजे शेअरची पहिली विक्री, 2150 रुपयांना आला होता, आता त्याच्या कितीतरी खाली मिळतोय म्हणजे स्वस्तच ना! अहो, 31 जानेवारी 2024 ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि शेअर लागोपाठ दोन दिवस 20-20 टक्के पडला, तेव्हाही हेच लोक म्हणत होते 'भिया, आता याच्या खाली काय जाणार', आणि मे पर्यंत गेलाच की अजून खाली.

दुसरी पार्टी फोनपेवाल्यांची. गल्ल्यावर पेटीएम आणि फोनपेचे, पैसे आले की बोलून सांगणारे दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेत, त्यातला कुठला जास्त बोलतो त्यावरून हे कंपनीचं भविष्य सांगणार. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर जानेवारी 2020 पासून दुकानदाराकडून चार्जच घेता येत नाही, त्यामुळे डबा दिवसभर बोंबलला तरी त्या बोलण्याचे पैसे जवळपास मिळत नाहीत, कमाई होते ती डब्याच्या भाड्यातून नि लोन मिळवून देण्याच्या कमिशनमधून, पण ते बघायला कंपनीचं नफा-तोटा पत्रक उघडावं लागतं आणि तेवढा वेळ कोणाला आहे म्हणा.

तुमच्या अर्थ पानावर हे एकदा सोप्या भाषेत छापा ना, टार्गेट प्राइस, म्हणजे शेअर कितीवर जाईल याचे अंदाज, दोन कमी दिले तरी चालतील.

– एक वाचक, इंदूर