जंप अवर घड्याळ घेण्याआधी एक तास उलटू द्या

संपादक महोदय,

आपल्याकडच्या जुन्या बाजारांत आणि मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीत ‘जंप अवर’ म्हणून खपवली जाणारी बरीच मनगटी घड्याळे तशी नसतात. खऱ्या जंप अवरला तासकाटा नसतो. तबकडीच्या खिडकीत आकडा तासभर जागेवर उभा राहतो आणि साठावे मिनिट भरले की खटकन पुढचा येतो. ऑस्ट्रियाच्या योसेफ पालवेबर यांचे अशा रचनेचे पेटंट १८८३चे, पण ती खिशातली घड्याळे. मनगटावर हा प्रकार रुळला तो १९२०च्या दशकात; फ्रेंच कंपनी कार्टियेचे ‘टँक आ गिशे’ १९२८चे.

नकली बनवणे सोपे आहे. साध्या मशीनवर तासकाट्याच्या जागी आकड्यांची चकती बसवायची आणि रंगवलेल्या तबकडीला खिडकी कापायची. अशी चकती सतत सरकते, म्हणून साडेदहाला खिडकीत अर्धा दहा, अर्धा अकरा दिसतो. १९७०च्या दशकातली काही स्वस्त स्विस घड्याळे मुळातच अशी सरकती आहेत. ती खोटी नव्हेत, पण त्यांना जंप अवरचा भाव देऊ नये. खिडकीच्या कडा भिंगातून पाहाव्यात: खरवडलेल्या, वेड्यावाकड्या असतील तर घड्याळ परत द्यावे.

दुकानदार चावी ओढून काटा फिरवतो, आकडा उडी मारतो आणि गिऱ्हाईक खूश होते. या परीक्षेला अर्थ नाही. बोटांचा जोर घड्याळ चालवणाऱ्या मेन स्प्रिंगपेक्षा कितीतरी जास्त, त्यात अडकलेली चकतीही फिरते. पूर्ण चावी द्या, मिनिटकाटा पंचेचाळीसवर लावा आणि घड्याळाला स्वतःहून तास ओलांडू द्या. जमल्यास दुसऱ्या दिवशी, चावी उतरत आली असतानाही पाहा.

चकतीखाली बारा दात्यांचे तारा-चाक असते. तासाला एक फेरी घेणारे ‘बोट’ त्याचा एक दाता ढकलते आणि जंपर नावाची स्प्रिंग उडी पूर्ण करून चाक अडवून धरते. चांगल्या यंत्रांत गोगलगायीच्या आकाराचा, कॅम नावाचा भाग तासभर थोडा थोडा जोर साठवतो. उडी दर वेळी चार-पाच मिनिटे उशिरा होत असेल तर मिनिटकाटा चुकीचा बसला आहे. काढून नीट बसवला की झाले. एकाच आकड्यावर अडत असेल तर तो दाता झिजलेला किंवा वाकलेला. घड्याळ दर तासाला पन्नासाव्या मिनिटापुढे बंद पडत असेल, तर जंपर उचलण्याइतका जोर मशीनमध्ये उरलेला नाही. आधी पूर्ण सफाई आणि मेन स्प्रिंग पाहावी, जंपर वाकवत बसू नये.

आपल्याकडची धूळ आणि बेचाळीस अंशांचा मे महिना असताना सर्वांत घातक म्हणजे खिडकीतून सोडलेला तेलाचा थेंब. ते चकती आणि तबकडी यांच्यामध्ये पसरते आणि चकती चिकटते. चकती कोरडी ठेवावी. जंपरच्या टोकाला आणि बोटाला ग्रीसचा नुसता स्पर्श पुरे. आकडे छापील असतात, त्यामुळे पेट्रोल किंवा स्पिरिटने पुसू नयेत, शाई निघते. वेळ लावताना काटे मागे फिरवू नयेत, काही यंत्रांत बोट वाकते.

आणि विक्रेत्यांना विनंती: तबकडी नव्याने रंगवलेली असेल तर तसे पावतीवर लिहून द्यावे.

– एक संग्राहक, परभणी