सेरियमची पूड काचेवर कोरडी घासू नका

महोदय,

गाडीच्या पुढच्या काचेवरचे ओरखडे ‘सेरियम धातूची पूड कोरड्या फडक्याने चोळून’ घालवावेत, असे कालच्या पुरवणीत छापून आले आहे. पावसाळ्यात वायपरखाली रेती अडकते आणि काचेवर कमानीसारखे ओरखडे उठतात, हे मुंबईत गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. रविवारी लोक फडकी घेऊन बसतील, म्हणून हे पत्र लगेच लिहीत आहे.

ती पूड धातूची नसते. सेरियम धातू चाकूने कापता येईल इतका मऊ. खरवडला की ठिणग्या उडतात, म्हणून तर लायटरच्या खड्यात तो लोखंडाबरोबर घालतात. त्याची बारीक पूड सहज पेट घेते. नागदेवीला हार्डवेअरच्या दुकानांत मागायचे ते सेरियम ऑक्साइड; पांढरे किंवा फिकट गुलाबी-तपकिरी. गडद लाल, बोटांवरून निघता निघत नाही अशी पूड हातात पडली तर ते रूज, म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. त्यानेही काच चकाकते, पण वेळ फार लागतो.

आणि ‘कोरडी’ कशी सांगता? सेरियम ऑक्साइड काच नुसती खरवडत नाही. पाण्याने काचेचा अगदी वरचा थर नरम पडतो, तेव्हा ते त्यातली सिलिका, म्हणजे काचेचा मुख्य घटक, धरून सोडवते. पाणी नसेल तर हाती उरते फक्त उष्णता, आणि नाकात जाणारी धूळ. दोन भाग पुडीला एक भाग पाणी घेऊन दाट ताकासारखे कालवावे. ड्रिलला फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, पॅड लावावा, वेग मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांच्या वर नेऊ नये. पॅड फिरता ठेवावा, सुकू लागला की पाणी शिंपडावे आणि मधूनमधून काचेला हात लावून पाहावा. कोमट लागली तर चालेल. चटका बसला तर ताबडतोब थांबावे. एकाच जागी दाबून धरले की तेवढाच भाग तापतो आणि काच तडकते.

नख अडकते तो ओरखडा या उपायाने घालवायला जाऊच नये. तेवढी काच झिजवली की तिथे खळगा पडतो, तो भिंगासारखा वागतो आणि त्यातून रस्ता लहरताना दिसतो. चालकाच्या नजरेसमोर खळगा असण्यापेक्षा ओरखडा परवडला. अशी काच बदलावी.

‘चष्म्यालाही चालेल’ हे वाक्य तर मागेच घ्यायला हवे. आजचे बहुतेक चष्मे प्लास्टिकचे आहेत; घासल्याने वरचा लेप निघून जातो आणि चष्मा कायमचा धुरकट होतो.

त्याच चौकटीत सेरियमला ‘अतिदुर्मिळ’ म्हटले आहे. भूकवचात तो साधारण तांब्याइतका आहे. कठीण आहे ते त्याला सोबतच्या धातूंपासून वेगळे काढणे. १८०३ मध्ये स्वीडनमध्ये बर्झेलियस व हिसिंगर यांना आणि जर्मनीत क्लाप्रोथ यांना सापडले ते ऑक्साइड. त्यातूनच १८३९ मध्ये मोसांडर यांनी लँथनम वेगळे काढले. बऱ्यापैकी शुद्ध धातू हाती यायला १८७५ उजाडले. नावही, चौकटीत म्हटले तसे, थेट सेरेस या रोमन देवीवरून नव्हे, १८०१ मध्ये दिसलेल्या सेरेस या लघुग्रहावरून पडले आहे.

नावाची चूक सावकाश सुधारली तरी चालेल. कोरड्या फडक्याची दुरुस्ती मात्र रविवारच्या आधी, त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई